द्राक्षाचा प्लॉट, मांजरीची प्रयोगशाळा आणि ग्रेपनेट: संशोधन बांधापर्यंत कसं पोचलं?

शिवारवाट

गेल्या आठवड्यात आमच्या ऑफिसात एका सरकारी कामाची चर्चा चालू होती. संशोधन संस्थांनी शोधून ठेवलेलं खात्यांच्या रोजच्या कारभारात कसं आणायचं, हा विषय. उदाहरणं सगळी बाहेरच्या देशांतली निघाली. माझ्या डोळ्यांसमोर मात्र आमच्या पडवीत खिळ्याला अडकवलेली आण्णांची फवारणीची वही येत होती. म्हणून हा धागा.

मी निफाड तालुक्यातला. नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअरमध्ये. घरी अडीच एकर थॉम्पसन जातीची द्राक्षबाग आहे, ती आण्णा आणि धाकटा भाऊ बघतात.

ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतातून गेलेल्या द्राक्षांत कीडनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले. युरोपात एका देशाने असा माल पकडला की त्याची सूचना बाकीच्या सगळ्या देशांना जाते. चूक मोजक्या बागांची, संशय मात्र नाशिकपासून सांगलीपर्यंत सगळ्यांवर.

अडचण तिघांची होती. कोणत्या बागेचा माल धोक्याचा, हे निर्यातदाराला माल निघण्याआधी कळत नव्हतं. परदेशातून विचारणा आली तर सरकारला उत्तर देता येत नव्हतं, कारण पेटी नेमकी कुठल्या बागेतून निघाली याचा माग लावायची सोयच नव्हती. आणि दुकानदाराने हातात ठेवलेलं औषध घडात किती दिवस राहतं, हे शेतकऱ्याला सांगणारं कुणी नव्हतं.

अपेडाने, म्हणजे शेतमालाची निर्यात बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने, पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राला सोबत घेतलं. केंद्र १९९७ साली सुरू झालेलं, म्हणजे तेव्हा तसं तरुणच. तिथली प्रयोगशाळा या कामासाठी देशाची संदर्भ प्रयोगशाळा ठरली. बाकीच्या प्रयोगशाळांनी कोणती रसायनं शोधायची, कोणत्या पद्धतीने, निकाल कितपत बरोबर येतात हे कसं पडताळायचं, ते तिथून ठरू लागलं. त्यावर २००६ पासून ग्रेपनेट उभं राहिलं, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांचा बागेपासून माग ठेवणारी ऑनलाइन व्यवस्था.

काम असं चालतं. शेतकरी सातबारा आणि बागेचा नकाशा घेऊन कृषी खात्याकडे प्लॉटची नोंदणी करतो. प्लॉटला नंबर मिळतो. हंगामभर फवारणीची नोंद वहीत ठेवायची. काढणीआधी प्रयोगशाळेचा माणूस स्वतः बागेत येऊन नमुना घेतो. शेतकऱ्याने पिशवीत आणून दिलेले घड चालत नाहीत. तपासणीचा निकाल थेट ग्रेपनेटवर चढतो. नापास झाला तर त्या प्लॉटला इशारा लागतो आणि तो माल युरोपासाठी पॅकहाउसमध्ये, म्हणजे पेट्या भरतात तिथे, घेताच येत नाही. पास झाला तर पुढे पॅकहाउस, अॅगमार्क हा प्रतीचा दाखला, मग वनस्पती आरोग्याचा दाखला, अशी प्रत्येक पायरी त्याच नंबरावर चढत जाते. रॉटरडॅमच्या गोदामात पॅलेटवरचा क्रमांक वाचला की उलट चालत आमच्या बांधापर्यंत येता येतं.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला, तरी सांगतो, या सगळ्याचा पाया तो नंबर आहे. त्यातलं सॉफ्टवेअर काही अवघड नाही. एका प्लॉटचा नमुना आणि दुसऱ्याचा माल, ही पळवाट नंबराने आणि मालाच्या हिशेबाने बंद केली. जेवढा माल त्या प्लॉटवर तपासून घेतला, तेवढाच त्या नंबरावर पुढे सरकतो.

इथे प्रयोगशाळेत, कृषी खात्यात, निर्यातीत काम केलेली मंडळी आहेत. तुमचं लिहा. २०१० साली द्राक्षवाल्यांवर जे संकट आलं त्याबद्दल मी आज मुद्दाम लिहीत नाही. आण्णांशी बोलून मग लिहीन.

खडूफळा

फार उपयोगी धागा. मी शाळेत विज्ञान शिकवते. एक प्राथमिक प्रश्न: ही मर्यादा म्हणजे नेमकी किती? मुलांना सांगायचं तर कसं सांगू?

प्रयोगवही

खडूफळा, चांगला प्रश्न विचारलात. मी कीडनाशक अंशांच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली, आता निवृत्त आहे. जरा सविस्तर लिहितो.

मर्यादा रसायनागणिक वेगळी असते. पण एखाद्या रसायनासाठी युरोपाने वेगळी मर्यादा ठरवलेलीच नसेल तर सरसकट एक लागू होते: किलोला ०.०१ मिलिग्रॅम. आता हिशेब करा. द्राक्षाच्या एका मोठ्या शीतकंटेनरमध्ये साधारण तेरा टन माल बसतो. तेरा टन म्हणजे तेरा हजार किलो. त्या सगळ्यात मिळून ते रसायन १३० मिलिग्रॅमपर्यंत चालतं. चिमटीत धरलेलं मीठ याहून जास्त भरतं. त्या चिमटीपेक्षा कमी वस्तू तेरा टनांत पसरलेली आहे आणि ती तुम्हाला फक्त दहा ग्रॅम लगद्यातून शोधायची आहे. मुलांना असंच सांगा, डोळे मोठे होतील.

पद्धतही सांगतो. बागेच्या वेगवेगळ्या भागांतून घेतलेले घड एकत्र करून पूर्ण लगदा करतात. त्यातला छोटा भाग घेऊन इथाइल अॅसिटेटबरोबर घुसळतात. बहुतेक कीडनाशकं पाण्यापेक्षा या द्रावकात राहणं पसंत करतात, म्हणून ती लगद्यातून त्यात उतरतात. मग ते स्वच्छ करून यंत्रात सोडायचं. यंत्र रेणूंना वेगळं करतं, तोडतं आणि तुकड्यांच्या वजनावरून ओळखतं. एकाच वेळी ढिगाने रसायनं तपासून होतात, हा या पद्धतीचा फार मोठा फायदा. पूर्वीसारखी एकेका रसायनाची वेगळी तपासणी करत बसलो असतो तर निकाल येईपर्यंत घड वेलीवरच सुकले असते.

मांजरीच्या मंडळींबद्दल मला मनापासून आदर आहे तो यासाठी. त्यांनी परदेशातली पद्धत उचलून तशीच लावली नाही. आपल्या द्राक्षात साखर किती, आम्ल किती, आपले शेतकरी कोणती औषधं वापरतात, आपल्या प्रयोगशाळांना कोणता द्रावक परवडतो, हे सगळं बघून ती बसवली. आणि आम्हाला तिथे बोलावून हाताला धरून शिकवली. एकच लगदा सगळ्या प्रयोगशाळांना वाटून कुणाचं उत्तर किती चुकतं ते तपासायचे. त्या दिवसांत आमच्याकडे कुणाला झोप लागत नसे.

शिवारवाट, एका गोष्टीवर मात्र पुढे बोलावं लागेल. यादी. यंत्र फक्त यादीतलंच शोधतं.

रॉटरडॅमवारी

मी इथे बारेंड्रेख्तमध्ये फळांच्या व्यापारात आहे. रॉटरडॅमजवळचं हे गाव म्हणजे फळबाजाराचं केंद्र. फेब्रुवारी उजाडला की आमच्या शीतगोदामात पेट्यांवर 'नाशिक' वाचायला मिळतं. घरापासून इतक्या लांब ते नाव दिसलं की बरं वाटतं.

इकडची बाजू सांगतो. सप्टेंबर २००८ पासून युरोपभर एकच मर्यादा लागू झाली. त्याआधी देशोदेशी वेगळे आकडे होते, म्हणजे एका बंदरात चालणारा माल दुसऱ्या देशाच्या दुकानात चालेलच असं नव्हतं. पण कायदा ही फक्त पहिली पायरी. इथल्या काही मोठ्या साखळी दुकानांचे नियम त्याहून कडक आहेत. कायद्याच्या मर्यादेच्या एक तृतीयांशाच्या आत हवं, शिवाय एका नमुन्यात मोजकीच रसायनं सापडलेली चालतील, मग ती कितीही थोडी असोत. म्हणून आम्ही माल ठरवताना ग्रेपनेटवरून निघालेला प्रयोगशाळेचा पूर्ण अहवाल मागवतो आणि प्लॉटवार बघतो. कोणता प्लॉट कोणत्या दुकानाकडे, हे माल जहाजावर चढण्याआधी ठरतं. न्हावाशेवाहून इथवर यायला तीन आठवडे किंवा जास्तच लागतात. इथे आल्यावर नापास झालेली द्राक्षं घेऊन मी कुठे जाणार?

व्यापाऱ्याच्या नजरेने सांगायचं तर या सोयीने आम्हाला भरवशाचा माल दिला. भाव त्या भरवशाला मिळतो.

मंडळकृषी

मी कृषी खात्यात होतो. नोंदणीच्या सुरुवातीच्या हंगामांत गावोगाव फिरलोय, म्हणून लिहितो.

धाग्यात वाचताना सगळं सुरळीत वाटतं. तसं नव्हतं. नोंदणी म्हटलं की पहिला प्रश्न यायचा, 'साहेब, सातबारा कशाला? कर लावणार का?' दुसरा प्रश्न, 'वही कोण भरणार?' बागेत पहाटे चारला फवारणीचा ब्लोअर सुरू करणाऱ्या माणसाला दुपारी वही भरायला सांगणं सोपं नव्हतं. तपासणीला गेलं की दोन महिन्यांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेल्या दिसायच्या. मी रागावत नसे. शेजारी बसून विचारायचो, भुरी रोगाला काय मारलं, डाऊनी रोगाला काय, कोणत्या दिवशी, पाऊस झाला होता का. पाऊस आठवला की फवारणी आठवते.

बदल कशाने झाला सांगू? पहिल्यांदा गावात एका चांगल्या बागायतदाराचा प्लॉट नापास झाला तेव्हा. माणूस सचोटीचा, माल देखणा. काढणीच्या तोंडावर शेजाऱ्याने सुचवलेलं एक औषध मारलेलं. अहवालात नाव आणि आकडा आला. त्याने ती प्रत सोसायटीत सगळ्यांना दाखवली. त्यानंतर त्या गावात 'पीएचआय किती?' हा प्रश्न दुकानदाराला विचारला जाऊ लागला. फवारणी आणि काढणी यांत किती दिवस सोडायचे, हे आम्ही बैठका घेऊन सांगत होतोच. पण स्वतःच्या बागेचा आकडा छापून समोर आला की माणूस वेगळ्या कानाने ऐकतो.

नापास प्लॉट कायमचा बाद होत नाही, हेही लिहायला हवं. अंश उतरायला वेळ देऊन पुन्हा नमुना देता येतो. ही सोय ठेवली म्हणून लोक टिकले.

शिवारवाट

काल आण्णांशी बोललो. २०१० बद्दल लिहितो.

त्या वर्षी आमचा प्लॉट नोंदलेला होता. वही नीट होती, भावाने भरलेली. नमुना पास. माल एका निर्यातदाराने उचलला, पेट्या भरल्या, कंटेनर गेला. हंगाम संपत आला होता आणि घरात बहिणीच्या लग्नाची बोलणी चालू होती. तेवढ्यात बातमी आली की युरोपात भारतीय द्राक्षांत सीसीसी सापडलं, मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम, आणि माल अडकला.

बाहेरच्यांसाठी सांगतो. सीसीसी म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड. हे कीडनाशक नाही, वाढ रोखणारं संजीवक आहे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीचा शेंडा फार पळाला की तिच्या डोळ्यांत, म्हणजे पुढे फुटणाऱ्या कोंबांत, सूक्ष्म घडनिर्मिती नीट होत नाही, म्हणून ते मारायचे. आमच्याकडे सगळेच मारत. पुढे ऑक्टोबरची गोडी छाटणी, आणि घड काढणीला येतात फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे फवारणी आणि काढणी यांत नऊ-दहा महिने. घड तर सोडाच, ज्या फुटीवर घड येतो ती फूटसुद्धा फवारणीच्या वेळी अस्तित्वात नव्हती. ते द्राक्षात उतरेल असं आण्णांच्या स्वप्नातही आलं नसतं. वहीत ती नोंद होती. मे महिन्याचं पान, स्पष्ट अक्षर. लपवण्यासारखं त्यात काही आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं.

निर्यातदाराकडून पैसे तुकड्यातुकड्यांनी आले आणि शेवटचा हप्ता आलाच नाही. बहिणीचं लग्न एक वर्ष पुढे गेलं. आण्णा अजूनही एकच वाक्य बोलतात: 'मी सांगितलं तसं सगळं केलं होतं.'

मला ते वाक्य छळतं. म्हणूनच मी हा धागा काढला. व्यवस्था पाळणारा माणूस व्यवस्थेच्या चुकीने कसा काय बुडतो?

प्रयोगवही

शिवारवाट, वाचून थोडा वेळ थांबलो, मग लिहायला बसलो. आण्णांना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या वाक्याला रसायनशास्त्राच्या बाजूने उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. ते पुरेसं नाही, याची जाणीव आहे.

मी वर लिहिलं की बहुतेक कीडनाशकं इथाइल अॅसिटेटमध्ये उतरतात. सीसीसी उतरत नाही. ते मिठासारखं आहे, पाण्यात विरघळतं आणि पाण्यातच बसून राहतं. आम्ही लगदा घुसळायचो, द्रावक वर घ्यायचो, खालचा पाण्याचा भाग टाकून द्यायचो. सीसीसी त्या टाकलेल्या भागात जात होतं. शेकडो नमुने आमच्या हातांखालून गेले आणि ते एकातही आम्हाला दिसलं नसतं, कारण ते यंत्रापर्यंत पोचतच नव्हतं. त्यासाठी मेथॅनॉल आणि पाण्याने वेगळं काढावं लागतं, वेगळी तपासणी करावी लागते. ती आमच्या यादीत नव्हती, कारण ते काढणीच्या आसपास कुणी वापरत नाही हे सगळ्यांना माहीत होतं.

त्या घटनेनंतर सीसीसी यादीत आलं, त्याची वेगळी तपासणी बसवली गेली, आणि बागांना त्याचा वापर थांबवायला सांगितलं गेलं. यादी त्यानंतर दरवर्षी अधिक काळजीने तपासली जाते, हे मी जवळून पाहिलंय. पण माझ्या मनाला लागलेली गोष्ट ही: उत्तर वहीत होतं. मे महिन्याच्या त्या पानावर. आम्ही प्रयोगशाळेत यादी करताना पुस्तकं पाहिली, युरोपाचे नियम पाहिले. हजारो शेतकऱ्यांच्या वह्यांत वर्षभर नेमकं काय काय मारलं जातं, हे एकत्र करून कुणी वाचलं नाही. वह्या अधिकाऱ्याने सही करून बंद व्हायच्या.

रॉटरडॅमवारी

एक भर घालतो. क्लोरमेक्वाटचा अनुभव युरोपाला स्वतःलाही होता. इथल्या पेअरच्या बागांत ते पूर्वी वापरायचे. वापर बंद केल्यावरही पुढे काही वर्षं ते फळांत सापडत राहिलं, कारण झाड ते खोडात साठवून ठेवतं आणि पुढच्या वर्षी फळाला देतं. म्हणून पेअरसाठी इथे वेगळी, जरा सैल मर्यादा ठेवावी लागली होती. म्हणजे बहुवर्षायू झाडात हे रसायन कसं वागतं, हे ज्ञान जगात उपलब्ध होतं. ते पेअरवाल्यांकडे होतं, द्राक्षवाल्यांपर्यंत आलं नाही. शिवारवाट, तुमच्या आण्णांचं नुकसान त्या मधल्या अंतरात झालं असं मला वाटतं.

तासगावकर

आम्ही बेदाण्याचे. सगळं वाचलं, पटलं. पण माझा एक प्रश्न कुणी घेत नाही म्हणून मांडतो. युरोपातल्या पोराच्या डब्यात जाणाऱ्या द्राक्षाला प्लॉट नंबर आहे, प्रयोगशाळा आहे. माझी नात सांगलीच्या बाजारातून जी द्राक्षं खाते तिला काय आहे? तीच बाग, तेच वेल, दोन ओळी सोडून. मर्यादा आपल्या देशातही आहेत ना?

दुसरं, तपासणीचा खर्च. मोठ्या निर्यातदाराच्या मागे असलेल्याला तो जाणवत नाही. एकरभर बागवाल्याने काय करावं?

मंडळकृषी

तासगावकर, प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. मर्यादा आपल्याकडेही आहेत, एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ठरवलेल्या. केंद्राच्या कृषी मंत्रालयाचा कीडनाशक अंश तपासणीचा कार्यक्रमही आहे, त्यात बाजारांतून, शेतांवरून नमुने घेतले जातात. पण बाजारातला नमुना नापास झाला तर पुढे काय? बाजारात येणाऱ्या द्राक्षांच्या पाटीवर प्लॉट नंबर नसतो. कुणाकडे जाऊन सांगणार? ग्रेपनेटमध्ये नापासाचा निकाल त्या शेतकऱ्याच्या हातात पडतो आणि तो पुढच्या फवारणीला सुधारतो. बाजार समितीतल्या पाटीचा निकाल कुणाच्याच हातात पडत नाही.

ग्रेपनेटची पद्धत पुढे डाळिंबाला, आंब्याला, भाज्यांना लावली गेली, शेंगदाण्यालाही वेगळी व्यवस्था झाली. सगळं निर्यातीसाठी, कारण पैसे मोजणारा आणि माल परत पाठवणारा गिऱ्हाईक तिथे होता. देशातल्या खाणाऱ्याने तसा हट्ट धरला नाही, आणि माझ्या खात्यानेही तो त्याच्या वतीने धरायला हवा होता. हे मी नोकरीत असताना बोलायला हवं होतं.

खर्चाचं म्हणाल तर गट करून नोंदणी आणि नमुन्यांचं नियोजन करणारी गावं मी पाहिली आहेत. महाग्रेप्स ही द्राक्ष निर्यातीची संस्था १९९१ मध्ये उभी राहिली तीही सहकारी संस्था एकत्र आल्या म्हणूनच. काढलेला माल लगेच थंड करायची प्री-कूलिंगची सोय एकट्याला परवडत नव्हती.

खडूफळा

माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी बागा आहेत. उद्यापासून प्रत्येकाला घरची फवारणीची नोंद आठवडाभर लिहून आणायला सांगते. प्रयोगवही, त्यात काय काय लिहायला लावू?

प्रयोगवही

तारीख, औषधाचं नाव बाटलीवर लिहिलंय तसं, त्यातल्या मूळ रसायनाचं नाव (हे महत्त्वाचं, बाटलीवर बारीक अक्षरात असतं), किती पाण्यात किती, आणि कशासाठी मारलं. मुलांनी बाटलीला हात लावू नये, मोठ्यांकडून वाचून घ्यावं. आणि संजीवकं, खतं, 'टॉनिक' म्हणून दिलेलं काहीही वगळू नका. सीसीसीच्या वेळी नेमकं तेच कुणी विचारलं नव्हतं.

शिवारवाट

सगळ्यांचे आभार. प्रयोगवही, तुमची पोस्ट आण्णांना वाचून दाखवली. 'टाकून दिलेल्या पाण्यात' हे त्यांनी दोनदा वाचायला लावलं. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, 'म्हणजे त्यांनाही माहीत नव्हतं.' इतक्या वर्षांत त्यांचा आवाज पहिल्यांदा मऊ ऐकला.

मी एक काम सुरू केलं आहे, त्यात मदत हवी. आमच्या गावातल्या अकरा घरांनी जुन्या वह्या द्यायचं कबूल केलं आहे, काहींच्या २००७ पासूनच्या आहेत. फोटो काढून प्रत्येक नोंद तारीख, प्लॉट, मूळ रसायन अशी तक्त्यात उतरवतोय. सध्या दोन घरांचं झालं. सगळ्या झाल्या की आजच्या तपासणी यादीशी पडताळून बघायचं, वहीत आहे पण यादीत नाही असं काय काय निघतं. जे निघेल ते मांजरीला घेऊन जायचं. वह्या आहेत त्या घरांची, प्लॉटची नावं कुठेही येणार नाहीत.

भावाचं अक्षर मला वाचता येतं. शेजारच्या तात्यांचं येत नाही. मोडी वळणाचं मराठी वाचणारं कुणी नाशिककडे असेल तर इथे लिहा, मी पुढच्या शनिवारी गावी आहे.